आवाजाची जागा

कविसंमेलनाच्या मांडवात मागच्या रांगेत बसलेल्या रसिकाला विचारा, कवी कुठं उभा आहे? तो स्टेजच्या मधोमध बोट दाखवेल. मग विचारा, कविता कुठून ऐकू येते? तो डाव्या खांबाला बांधलेल्या स्पीकरच्या खोक्याकडं बोट दाखवेल. डोळे एकीकडं आणि कान दुसरीकडं, अशा अवस्थेत आपण आयुष्यभर भाषणं, कीर्तनं, कव्वाल्या आणि कविता ऐकत आलो. सवयीनं ते खटकत नाही. पण दोहोंची सांगड घालण्याचं काम मेंदूला करावंच लागतं. दोन तासांनी श्रोते उठून जातात ते कवितेला कंटाळून, असं लोक म्हणतात. निम्मा दोष त्या खोक्याचा असावा, असं मला आपलं वाटतं.

आज मला होम थिएटरबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात मांडवापासून केली त्याला कारण आहे. घरात पाच-सहा स्पीकर कशासाठी लावायचे, असं विचारलं की दुकानदार सांगतो, 'साहेब, भिंती हादरतील!' भिंतीच हादरवायच्या असत्या तर वरातीतला डीजे आणून हॉलमध्ये ठेवला तरी काम भागलं असतं. ही सगळी खटपट मुळात सुरू झाली ती वेगळ्या कारणानं. बोलणारा जिथं दिसतो, तिथूनच त्याचा आवाज यावा, एवढंच ते कारण.

ॲलन ब्लमलीन नावाचे एक इंग्रज अभियंता होते. त्यांच्याबद्दल असं सांगतात की, ते आपल्या भावी पत्नीबरोबर सिनेमाला गेले होते. पडद्यावरचा नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत गेला, पण त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येत राहिला. ब्लमलीन म्हणाले, आवाजालाही चालायला लावण्याचा उपाय माझ्याकडं आहे. गोष्ट खरी असो वा रचलेली, १९३१च्या डिसेंबरमध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला हे खरं. आणि आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया त्यात आहे. पुढं १९४०मध्ये वॉल्ट डिस्नेच्या 'फँटासिया'साठी 'फँटासाउंड' नावाची अनेक स्पीकरांची योजना झाली. ती इतकी खर्चिक होती की मोजक्या थिएटरांतच बसवता आली. १९७७च्या 'स्टार वॉर्स'नं डॉल्बी स्टिरिओ जगभर नेलं, तर १९७९च्या 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये हेलिकॉप्टर प्रेक्षकांच्या डोक्याभोवती फिरलं. आपल्याकडं १९७५चा 'शोले' ७० एमएमवर स्टिरिओफोनिक आवाजात आला. जयनं नाणं उडवलं की ते आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून लोक वाकून बघायचे, ही आठवण त्या पिढीतले लोक अजून सांगतात. घरात हा प्रकार खऱ्या अर्थानं पोचला तो डीव्हीडीबरोबर, आणि त्याच्यासोबत एक आकडा आला : ५.१.

हा आकडा दशांशाचा नव्हे. पाच म्हणजे पाच स्वतंत्र आवाज : समोर डावा, मधला, उजवा, आणि श्रोत्याच्या दोन्ही बाजूंना थोडे मागं एक-एक. पॉइंट एक म्हणजे केवळ खर्जाचा सहावा मार्ग. ढग गडगडणं, तोफ, रेल्वेचा पूल. त्याची धाव १२० हर्ट्झपर्यंतच असते. ऐकू येणाऱ्या आवाजाचा हा अगदी लहानसा तुकडा, म्हणून त्याला पूर्ण एक न मोजता पॉइंट एक म्हटलं.

आमचं घर मिरजेत. हॉल दहा बाय चौदा फुटांचा, चारचौघांच्या घरात असतो तसा. माझ्या भाच्यानं स्वतःसाठी नवा संच घेतला आणि जुना आम्हांला दिला. रिसीव्हर, पाच स्पीकर आणि सबवूफर. 'मामू, एकदम थिएटर होतंय बघा,' म्हणाला. बसवायला दुकानातून एक मुलगा आला. त्यानं ड्रिल मशीननं अर्ध्या तासात काम संपवलं. टीव्हीच्या वर, छताला लागून तीन स्पीकर एका ओळीत. मागच्या भिंतीवर, तेवढ्याच उंचीवर दोन. आणि सबवूफर शोकेसच्या खालच्या कप्प्यात. दिसायला छान दिसत होतं. आवाजही दणदणीत होता. फक्त माझी अम्मी, जी तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती, दर दोन मिनिटांनी विचारायची, 'उने क्या बोल्या रे?' आम्ही आवाज वाढवायचो. मग बंदुकीचा बार इतका मोठा व्हायचा की ती कानांवर हात ठेवायची. हळूहळू तिनं रविवारच्या सिनेमाला येऊन बसणंच सोडलं. पाठ दुखते म्हणायची आणि आतल्या खोलीत पडून राहायची. पाठ दुखत नव्हती, हे आम्हां सगळ्यांना कळत होतं.

इथं कानाबद्दल थोडं सांगायला हवं. वयानं ऐकू कमी येतं म्हणजे सगळाच आवाज सारखा लहान होतो, असं नाही. आधी जातो तो वरच्या पट्टीतला आवाज. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. पण स, श, फ, त, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळातच क्षीण. ती आधी गळतात. त्यामुळं म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी बोलतंय हे नीट ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. 'सात' म्हणाला की 'हात', हा घोळ होतो. अशा वेळी सगळाच आवाज वाढवला तर पार्श्वसंगीत आणि खर्जही वाढतो आणि उरलीसुरली व्यंजनं त्याखाली दबतात. अम्मीला हवा होता तो आवाज मोठा नको होता, मोकळा हवा होता.

आणि तो मोकळा आवाज संचात होताच. सिनेमातले बहुतेक सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. हा मधला स्पीकर लोक सर्वांत दुय्यम समजतात, कारण तो दिसायला आडवा, बुटका आणि बिचारा असतो. माझ्या मते पाचांतला तोच मुख्य. पैसे कमी असतील तर मागचे दोन नंतर घ्या, पण मधला चांगला घ्या.

कुणी म्हणेल, डाव्या-उजव्या दोघांतून सारखा आवाज सोडला तरी तो मधूनच आल्यासारखा वाटतो की! वाटतो, पण बरोबर मध्यावर बसलेल्या माणसाला. अम्मीची खुर्ची दाराजवळ, डावीकडं. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९च्या सुमारास दाखवून दिलं की एकच आवाज दोन ठिकाणांहून काही सहस्रांश सेकंदांच्या अंतरानं आला, तर कान दोन आवाज ऐकत नाही. जो आधी पोचला त्याच्याच दिशेला सगळा आवाज आहे असं मानतो. आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ढोबळमानानं एक फूट अंतराला एक सहस्रांश सेकंद. अम्मीच्या खुर्चीपासून डावा स्पीकर उजव्यापेक्षा तीन-चार फुटांनी जवळ. तेवढ्यानं तिच्यापुरता अख्खा सिनेमा डाव्या खोक्यात गोळा होणार. कडेला बसलेल्या माणसासाठीसुद्धा संवाद पडद्यावरच खिळून राहावेत म्हणून मधला खराखुरा स्पीकर लागतो. मांडवातल्या मागच्या रसिकाची अडचण ती हीच.

तेव्हा पहिलं काम केलं ते मधला स्पीकर छतावरून उतरवण्याचं. टीव्हीच्या लगेच खाली, टेबलाच्या अगदी कडेला आणून ठेवला. आत सरकवून ठेवला तर आवाज आधी टेबलाच्या फळीवर आपटतो. पुढच्या बाजूला खाली रबराचा तुकडा सारून त्याचं तोंड किंचित वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडं केलं. वरच्या पट्टीतला आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. खर्जासारखा कोपऱ्यांतून वळसे घेत नाही. व्यंजनं कानात पोचवायची तर झोत कानावरच हवा. मग रिसीव्हरच्या यादीत जाऊन मधल्याची पातळी बाकीच्यांपेक्षा तीन डेसिबलनं वाढवली. त्या रविवारी एका विनोदाला अम्मी आमच्या आधी हसली.

तिच्या कानांची तपासणीही आम्ही करून घेतली आणि तिला यंत्र बसवलं, हेही सांगायला हवं. स्पीकर हा श्रवणयंत्राला पर्याय नव्हे. पण यंत्र लावल्यावरही गोंगाटातून शब्द वेचणं अवघडच जातं, आणि तिथं हा बुटका स्पीकर मदतीला येतो.

डावा आणि उजवा हे दोघे बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवेत. तुम्ही, डावा आणि उजवा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, असा पाठ आहे. दहा फुटी भिंतीवर तो जमत नाही. आम्ही दोघांत आठ फूट अंतर ठेवलं आणि तोंडं थोडी आत वळवली, तेवढ्यावर भागतं. मागच्या दोघांबद्दल मात्र बराच गैरसमज आहे. 'मागचे' म्हणतात म्हणून लोक ते थेट पाठीमागच्या भिंतीवर ठोकतात. ५.१मध्ये ते बाजूचे असतात. नाकाच्या सरळ रेषेपासून मोजलं तर १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्याच्या रेषेच्या जरासे मागं. आणि कानापेक्षा फूट-दोन फूट वर. आमच्या हॉलमध्ये ते बाजूच्या भिंतींवर, सोफ्याच्या पाठीच्या जवळपास बसले. त्यांच्याकडं लक्ष जाऊ लागलं तर ते चुकीचे लागले असं समजावं. पाऊस, बाजार, रातकिडे, लांबची आगगाडी एवढंच त्यांचं काम.

सोफा मागच्या भिंतीला चिकटवून ठेवायची आपली पद्धत आहे. तो जमेल तेवढा पुढं घ्या. आम्ही तीन फूट घेतला. घरच्यांना वाटलं मागची जागा वाया गेली. तिथं आता माझ्या न खपलेल्या कवितासंग्रहांचे गठ्ठे आहेत. आवाजाची घुमी मोडायला पुस्तकांची आडवी-उभी रास फार चांगली, हे या निमित्तानं कळलं.

सोफा पुढं का घ्यायचा, ते खर्जाशी निगडित आहे, आणि खर्ज हा या सगळ्यातला सर्वांत लहरी प्राणी. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे २८ फुटांची असते. आमची खोली चौदा फुटांची, म्हणजे नेमकी अर्धी लाट त्यात मावते. अशी लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतीशी ती फुगते, खोलीच्या मध्याला जवळजवळ नाहीशी होते. म्हणून भिंतीला टेकून बसलेल्याला सगळं ढमढम ऐकू येतं आणि मध्यावर बसलेला विचारतो, सबवूफर चालू आहे ना? मशीन तेच, सिनेमा तोच. दहा फुटांच्या रुंदीत हाच खेळ ५६ हर्ट्झच्या आसपास चालतो.

सबवूफर कुठं ठेवायचा याची एक गंमतशीर रीत आहे. तो उचलून आपल्या बसायच्या जागेवर, सोफ्यावर ठेवायचा. संथ, सलग खर्जाचं एखादं वादन लावायचं. मग आपण भिंतीच्या कडेकडेनं गुडघ्यांवर रांगत जायचं आणि ऐकायचं. एका ठिकाणी खर्ज घुमेल, दुसऱ्या ठिकाणी गायब होईल, आणि एखाद्या ठिकाणी प्रत्येक सूर सारखा, स्पष्ट ऐकू येईल. ती त्याची जागा. आवाज इकडून तिकडं गेला काय आणि तिकडून इकडं आला काय, वाट तीच, या न्यायानं हे चालतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस स्वतःच्या घरात रांगताना बघून नातवंडांना फार आनंद होतो. आमच्याकडं ही जागा शोकेसपासून लांब, समोरच्या भिंतीच्या उजवीकडच्या तिसऱ्या हिश्शात निघाली. कोपऱ्यात ठेवला तर आवाज सर्वांत मोठा येतो, आणि बहुतेक वेळा सर्वांत गढूळ.

रिसीव्हर विचारतो, स्पीकर 'लार्ज' की 'स्मॉल'? मानापमान न मानता पाचही 'स्मॉल' सांगा आणि सीमा ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचा सगळा खर्ज सबवूफरकडं जातो आणि लहान स्पीकरांची ओढाताण थांबते. एवढ्या खालच्या आवाजाची दिशा कानाला कळत नाही, म्हणून तो एकच स्पीकर पुरतो. स्पीकर फारच चिमुकले असतील तर सीमा १००-१२०पर्यंत न्यावी लागते.

मग टेप घेऊन बसायच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजायचं आणि ते रिसीव्हरला सांगायचं. बाजूचा पाच फुटांवर, समोरचा दहा फुटांवर, तर बाजूच्याला तो पाचेक सहस्रांश सेकंद थांबवून ठेवतो, म्हणजे सगळे एकदम पोचतात. त्यानंतर चाचणीचा आवाज. पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तशी खरखर आळीपाळीनं एकेका स्पीकरमधून येते. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेऊन, फोन कानाच्या जागी धरून, प्रत्येकाची पातळी सारखी करायची. ७५ डेसिबल हा नेहमीचा आकडा. फोनचं माप काटेकोर नसतं, पण पाचांची एकमेकांशी तुलना करायला पुरतं. अनेक रिसीव्हरांबरोबर एक छोटा माइक येतो, तो हे सगळं आपोआप करतो. करू द्या, मग कानानं पुन्हा तपासा. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर आहेत. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. त्यांच्या हाताशी बसून मी जे थोडंफार ऐकायला शिकलो, ते इथं कामी आलं.

वायरींबद्दल दोनच गोष्टी. लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरला उलटी लागली तर तो आत ओढतो तेव्हा दुसरा बाहेर ढकलतो. खर्ज पातळ होतो आणि आवाज नेमका कुठून येतो तेच कळत नाही. दुसरी गोष्ट टीव्ही आणि रिसीव्हर यांच्यामधली. लाल-पांढऱ्या जुन्या पिनांतून दोनच आवाज जातात, मग समोर कितीही स्पीकर मांडा. एचडीएमआयच्या ज्या भोकावर 'एआरसी' लिहिलंय तिथं जोडा, किंवा ऑप्टिकल वायर वापरा. आणि टीव्हीच्या आवाजाच्या यादीत 'पीसीएम'ऐवजी 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' निवडा. कित्येक घरांत पाच स्पीकर वर्षानुवर्षं दोनच आवाज वाटून घेत बसलेले असतात ते या एका खुणेमुळं.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. 'पीएमपीओ' म्हणून जे हजारो वॅट खोक्यांवर छापलेले असत, त्यांचा ऐकण्याशी संबंध नव्हता. आरएमएस तेवढा पाहा.

खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग कणकण असा शेपटासारखा आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती तो एकमेकींकडं फेकताहेत. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, भिंतीवर टांगलेली गोधडी, काहीही चालतं. कुठं टांगायचं? कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा आणि आपण सोफ्यावर बसा. आरशात जिथं स्पीकर दिसेल तिथून आवाज उडी मारून तुमच्याकडं येतो. तीच जागा झाका.

ज्यांना एवढी खटपट नको त्यांच्यासाठी साउंडबार आहे. पण त्यांतले बरेचसे बाजूचा आवाज भिंतींवरून परतवून आणतात. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडी गॅलरी असेल तर तो आवाज गॅलरीतूनच निघून जातो. डॉल्बी ॲटमॉस २०१२मध्ये 'ब्रेव्ह' या चित्रपटाबरोबर आलं. त्यात आवाज वरूनही येतो, ५.१.२ यातला शेवटचा आकडा वरच्या स्पीकरांचा. छतावर आवाज आपटवून खाली आणणारे स्पीकरही मिळतात, पण त्यांना सपाट, बेताच्या उंचीचं छत लागतं. कौलारू घरात त्यांचा उपयोग नाही.

सगळेच चित्रपट पाच आवाजांत नसतात, आणि हट्टानं तसे करू नयेत. 'श्यामची आई' १९५३चा, त्याचा आवाज एकेरी. रिसीव्हरवर 'हॉल', 'स्टेडियम' अशी बटणं असतात. ती दाबली की आईचा आवाज सभागृहात भाषण केल्यासारखा घुमतो. त्याऐवजी 'प्रो लॉजिक' किंवा 'डॉल्बी सराउंड' ठेवा. दोन्हीकडून सारखा येणारा आवाज ओळखून रिसीव्हर तो मधल्या स्पीकरकडं वळवतो आणि जुना चित्रपट मधूनच, पडद्यातून बोलतो.

शेजाऱ्यांच्या भिंतीतून जातो तो खर्ज. सबवूफरखाली रबराचे पाय किंवा चौघडी केलेलं जाजम घातलं तर फरशीतून जाणारा थरकाप थोडा कमी होतो, पूर्ण थांबत नाही. रात्रीसाठी रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' असतो. तो मोठे आवाज खाली ओढतो आणि कुजबुज वर आणतो. आमच्याकडं रात्री दहानंतर सबवूफर बंद असतो. बाकीचे पाच हळू आवाजात चालू राहतात, आणि संवाद दाराजवळच्या खुर्चीपर्यंत नीट पोचतात.